१६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी खेळताना चित्र का फरफटतं?

तासगावच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "दादा, दिवाळीत पीसी बांधला. आय-फाइव्ह १२४००एफ, आरटीएक्स ३०५०, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि २४ इंची १६५ हर्ट्झचा व्हीए पॅनेलचा मॉनिटर. खोक्यावर १ एमएस (मिलिसेकंद) लिहिलंय. व्हॅलोरंटमध्ये झटकन वळलं की समोरचा प्लेअर पुसट होतो. अंधाऱ्या कोपऱ्यांतून काळी शेपटी निघते. कुणीतरी ओव्हरड्राइव्ह फुल कर म्हणालं, तसं केलं तर आता हलणाऱ्या सगळ्याला मागून पांढरी कड येते. फोर्झा होरायझन ५ तर त्याहून बेकार दिसतो. मॉनिटर बदलून २४० हर्ट्झचा घेऊ का?"

मित्रा, तू एका दमात चार वेगवेगळी दुखणी सांगितलीस आणि चौघांवर एकच औषध मागतोयस. पुसटपणा गेममध्ये तयार होतो, कमी फ्रेममुळे (गेम सेकंदाला जितकी चित्रं तयार करतो, त्या फ्रेम) होतो, पॅनेलच्या सुस्तीमुळे होतो आणि शेवटी आपल्या डोळ्यामुळेही होतो. पांढरी कड ही पॅनेलची, तीही तू स्वतः सेटिंग वाढवून आणलेली. काळी शेपटी व्हीए या पॅनेलप्रकाराची जन्मखूण. फोर्झाचं दुखणं फ्रेमचं. व्हॅलोरंटचं कारण मात्र तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सांगलीत विश्रामबागला माझं पीसी जोडणीचं आणि दुरुस्तीचं काम चालतं. "ब्लर येतोय" म्हणून जे मॉनिटर टेबलावर येतात त्यांतले बरेचसे बिघडलेले नसतातच, ते ६० हर्ट्झवर चालत असतात, म्हणजे पडदा सेकंदाला साठदाच चित्र बदलतो. विंडोज नव्या मॉनिटरला पुष्कळदा ६० वरच सोडून देतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथं रिफ्रेश रेट १६५ आहे का बघ. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या दोन याद्या असतात, वर टीव्हीची आणि खाली "पीसी" नावाची. मोठे हर्ट्झ बहुधा खालच्या यादीत सापडतात. एवढं करून मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतल्या माहितीच्या पानावरही आकडा वाच. विंडोज काय पाठवतंय यापेक्षा मॉनिटरला काय मिळतंय ते महत्त्वाचं. शिवाय गेम फुलस्क्रीनमध्ये असताना स्वतःचे हर्ट्झ वेगळे लावू शकतो, म्हणून ते पान गेम चालू ठेवूनच उघड.

यादीत १६५ दिसतच नसेल तर केबल बघ. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर फुल एचडीला साधारण १२० पर्यंतच मजल जाते आणि कित्येक १६५ च्या मॉनिटरांचा एचडीएमआय पोर्ट १४४ वर अडतो. डिस्प्लेपोर्टची केबल लावली की विषय संपतो. केबल ग्राफिक्स कार्डात लावायची, मदरबोर्डमध्ये नाही. तुझ्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ आहे, त्यात ग्राफिक्सच नाही, त्यामुळे चुकीच्या पोर्टात लावलीस तर पडदा काळाच राहील. बिनएफचा प्रोसेसर असलेल्यांची मात्र इथं हमखास फसगत होते: चित्र येतं, गेम चालतो आणि घेतलेलं कार्ड नुसतं बसून राहतं.

आता डोळ्याचं. हे एकदा नीट समजलं की पुढच्या प्रत्येक सेटिंगचा अर्थ लागतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एलसीडी असो की ओएलईडी, पडद्यावर एक फ्रेम आली की पुढची येईपर्यंत ती जागची हलत नाही. ६० हर्ट्झला ती १६.७ मिलिसेकंद तशीच उभी असते. आपला डोळा मात्र पळणाऱ्या माणसाच्या मागे सलग सरकत राहतो. चित्र थांबलेलं आणि डोळा चालता, म्हणून ते चित्र डोळ्यातल्या पडद्यावर पुसल्यासारखं पसरतं. पॅनेल कितीही वेगवान असलं तरी हा पुसटपणा राहतो. पडताळून बघायचं असेल तर ब्राउझरमध्ये टेस्टयूएफओ उघड. ब्लर बस्टर्स या संकेतस्थळाच्या मार्क रेजॉन यांनी बनवलेली ही चाचणी आहे, फुकट आहे, आणि मॉनिटरच्या कामात तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही. तिच्यात पडद्यावरून उडत्या तबकडीचं यान सरकत असतं. त्यामागे नजर नेलीस तर ते पुसट दिसेल. त्याच यानाचा मोबाइलवर शटर अगदी कमी वेळ उघडं ठेवून फोटो काढलास तर तोच पडदा बराच स्वच्छ निघेल. फरक डोळ्याच्या हालचालीचा.

रेजॉन यांचाच हिशेब वापरायला सोपा आहे: सेकंदाला १००० पिक्सेल वेगानं काही हलत असेल, तर फ्रेम जितके मिलिसेकंद पेटलेली राहील तितके पिक्सेल पुसटपणा. समज, व्हॅलोरंटमध्ये वळताना समोरचा एका सेकंदात पडद्याची पूर्ण रुंदी, म्हणजे १९२० पिक्सेल, ओलांडतो. ६० हर्ट्झला तो ३२ पिक्सेल फरफटेल. १६५ ला एक फ्रेम ६.०६ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. २४० ला ४.१७, म्हणजे ८. दूर उभ्या असलेल्या प्लेअरचं डोकं पडद्यावर जेमतेम दहा-पंधरा पिक्सेलचं असतं, त्यामुळे ३२ आणि १२ मधला फरक म्हणजे डोकं दिसणं आणि न दिसणं. १२ आणि ८ मधला फरक खरा आहे, पण तेवढा मोठा नाही. तुझ्या २४० च्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

पूर्वीच्या सायबर कॅफेत सीआरटीच्या डब्यांवर काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेले लोक "तेव्हा चित्र जास्त साफ होतं" म्हणतात तेव्हा ते नुसती आठवण काढत नसतात. त्या नळीतला ठिपका क्षणभर चमकून विझायचा, फ्रेमभर पेटलेला राहायचा नाही. रिझोल्यूशन कमी होतं, हालचाल मात्र खणखणीत दिसायची.

पण हा सगळा हिशेब मॉनिटरच्या हर्ट्झवर नाही, तुला मिळणाऱ्या फ्रेमवर चालतो. फोर्झा तुझ्याकडे ७० च्या आसपास फ्रेमनं चालत असेल तर मॉनिटर १६५ चा असून प्रत्येक फ्रेम १४ मिलिसेकंद पडद्यावर राहते. पुसटपणा ७० चाच मिळणार. तिथं मॉनिटरच्या मेनूत हात घालून उपयोग नाही. गेममध्ये सावल्या, रिफ्लेक्शन, रे ट्रेसिंग खाली आण. त्याच मेनूत मोशन ब्लर नावाची स्वतंत्र सेटिंग आहे, ती आधी बंद कर. ती गेमनं मुद्दाम रंगवलेली फरफट असते, कमी फ्रेमचा धक्का झाकायला. ३० फ्रेमच्या कन्सोलवर तिचा थोडा उपयोग आहे, तुझ्याकडे नाही. जीटीए ५ मध्ये पोस्ट एफएक्स वाढवलं की तिची पट्टी उघडते. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये जगाचा आणि बंदुकीचा ब्लर वेगवेगळा असतो, दोन्ही बंद कर. व्हॅलोरंट किंवा सीएस २ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये असली सेटिंग शोधत बसू नकोस. टीएए नावाचं अँटी-अलायझिंग, म्हणजे दातेरी कडा गुळगुळीत करणारी सेटिंग, मागच्या फ्रेमचा अंश पुढच्या फ्रेममध्ये मिसळतं, त्यानंही बारीक वस्तूंमागे धूसर शेपटी येते. फोर्झात पर्याय बदलून तो फरक एकदा डोळ्यानं बघून ठेव. सीएस २ मध्ये ४:३ ताणून खेळणाऱ्यांना स्थिर चित्रही मऊ दिसतं, तो मोशन ब्लर नव्हे, रिझोल्यूशन कमी केल्याची किंमत आहे.

व्हॅलोरंट तुझ्या कार्डावर १६५ च्या वर आरामात जायला हवा. सरासरी बघू नकोस, स्मोक (धुराचे पडदे) आणि अल्टी (पात्रांच्या खास शक्ती) एकत्र पडल्यावर आकडा कितीवर येतो ते बघ. एकाच रॅम स्टिकवर मेमरी सिंगल चॅनेल चालते, बँडविड्थ निम्मी होते, आणि प्रोसेसरवर चालणाऱ्या अशा गेममध्ये नेमके मारामारीच्या वेळचे फ्रेम पडतात. तेव्हा जो पुसटपणा दिसतो तो मॉनिटरचा वाटतो, असतो रॅमचा. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवणारी सेटिंग, चालू आहे का तेही बघ. नव्या पीसीत ते बंदच राहिलेलं मी फार वेळा पाहतो.

आता ओव्हरड्राइव्ह. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

एलसीडीतल्या द्रवस्फटिकांना एका छटेवरून दुसऱ्या छटेवर वळायला वेळ लागतो. मॉनिटर त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का देतो म्हणजे ते लवकर वळतात. धक्का जास्त झाला तर छटा ठरलेल्या जागेच्या पुढे जाते आणि माघारी येते. वेगात आलेली एसटी थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहावी आणि ड्रायव्हरनं ती रिव्हर्स घ्यावी, तसं. तुला दिसणारी पांढरी कड म्हणजे ते पुढे जाऊन माघारी येणं. खोक्यावरचा "१ एमएस" पुष्कळदा याच सर्वांत आगाऊ पातळीवर मोजलेला असतो, जी पातळी खेळताना कुणी लावू नये. नाहीतर त्या १ एमएसपुढे बारीक अक्षरात एमपीआरटी असतं, म्हणजे तो आकडा बॅकलाइटच्या लुकलुकीचा असतो, पॅनेलच्या वेगाचा नव्हे. तुझं खोकं घरी असेल तर वाचून बघ.

कंपनीगणिक या सेटिंगचं नाव बदलतं. असूसमध्ये ट्रेसफ्री किंवा ओडी, बेन्क्यूच्या झोवीत एएमए, एलजी, सॅमसंग आणि डेलमध्ये रिस्पॉन्स टाइम, एसर आणि एओसीत सरळ ओव्हरड्राइव्ह. पातळ्या तीन-चार असतात. माझी पद्धत अशी: टेस्टयूएफओची घोस्टिंगची चाचणी लावायची, तिच्यात वेगवेगळ्या पार्श्वभूमीवर यानं सरकतात. बंदपासून एकेक पायरी वर जायचं. यानामागची गडद शेपटी आखडत जाते, आणि एका पायरीवर तिच्या जागी उजळ कड उगवते. त्याच्या आधीची पायरी तुझी. बहुतेक मॉनिटरवर ती मधली असते. थोडी गडद शेपटी राहिली तरी चालेल, उजळ कड ठेवू नकोस. डोळा उजळ कडेकडे जास्त ओढला जातो.

इथं एक अडचण आहे. फ्रीसिंक किंवा जी-सिंक चालू असताना मॉनिटरचे हर्ट्झ गेमच्या फ्रेमप्रमाणे खालीवर होतात. १६५ ला बरोबर बसलेला धक्का ७० ला जास्त पडतो, कारण स्फटिकांना आता घाई नसते. म्हणून व्हॅलोरंटमध्ये चांगला दिसणारा मॉनिटर फोर्झात कडा दाखवू शकतो. महागड्या मॉनिटरात हे आपोआप जुळवलं जातं, तुझ्या किमतीत नाही. मेनूत गेमर १, गेमर २ असे साठवणीचे कप्पे असतील तर व्हॅलोरंटसाठी मधला ओव्हरड्राइव्ह आणि फोर्झासाठी एक पायरी खाली, असे दोन ठेव. फ्रीसिंक चालू असेल तर फ्रेमची मर्यादा १६० च्या आसपास लाव, म्हणजे आकडा वरच्या टोकाला आपटत नाही.

काळ्या शेपटीकडे येऊ. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, सिनेमाला छान. पण पूर्ण काळ्यातून गडद राखाडीत जायला त्याला फार वेळ लागतो, कित्येक पॅनेलांवर दोन-तीन फ्रेम सहज जातात. ओव्हरड्राइव्ह तिथं फारसा पुरत नाही. उपाय आडमार्गाचा आहे: पडद्यावर पूर्ण काळं येऊच द्यायचं नाही. मेनूत ब्लॅक इक्वलायझर, शॅडो बूस्ट, ब्लॅक स्टॅबिलायझर यांपैकी काहीतरी असेल, ते दोन-तीन पायऱ्या वाढव. सावल्या थोड्या फिकट होतील, काँट्रास्ट घटेल, पण शेपटी जाणवण्याइतकी आखूड होईल, वर अंधारात लपलेलाही दिसेल. व्हॅलोरंटमध्ये अंधार मुळात कमी, तिथं पुरे होईल. भुताखेताच्या गेममध्ये शेपटी राहणार, ती स्वीकार.

सातारा जिल्ह्यातल्या वाचकांसाठी जाता जाता: द्रवस्फटिक थंडीत आणखी सुस्तावतात. महाबळेश्वर, पाचगणी किंवा कोयनेकडच्या घरात डिसेंबरच्या पहाटे मॉनिटर लावल्या लावल्या चाचणी केली तर ओव्हरड्राइव्हची चुकीची पायरी निवडली जाते. अर्धा तास पडदा तापू दे, मग बघ.

एवढं सगळं करून जो पुसटपणा उरतो तो डोळ्याचा, हर्ट्झ न वाढवता त्यावरचं एकच शस्त्र म्हणजे बॅकलाइट लुकलुकवणं. एलजीत १ एमएस मोशन ब्लर रिडक्शन, असूसमध्ये ईएलएमबी, झोवीत डायॅक, एसरमध्ये व्हीआरबी, एओसीत एमबीआर, एनव्हिडियाच्या काही मॉनिटरांत यूएलएमबी. दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभर पेटतो आणि विझतो, सीआरटीसारखा. १ मिलिसेकंदाची चमक असेल तर वरच्या हिशेबातले १२ पिक्सेल २ वर येतात. ऐकायला जादू वाटते, पण तिच्या अटी कडक आहेत.

पहिली, फ्रेम आणि हर्ट्झ तंतोतंत जुळले पाहिजेत आणि जुळलेलेच राहिले पाहिजेत. फ्रेम कमी पडले की तीच फ्रेम दोनदा चमकते आणि एकाचे दोन प्लेअर दिसतात. बहुतेक मॉनिटरांत यासोबत फ्रीसिंक चालत नाही, ते बंद होतं. उजेडही घटतो: १२० हर्ट्झला ८.३ मिलिसेकंदांतला १ मिलिसेकंदच दिवा पेटत असेल तर प्रकाश आठव्या हिश्शावर येतो. मॉनिटर त्यातला थोडाफार भरून काढतो, सगळा नाही. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या दुपारी खिडकीकडे तोंड करून ठेवलेल्या पडद्यावर काही दिसणार नाही. काहींचं डोकंही दुखतं. तुझं दुखलं तर जिद्द करू नकोस, बंद कर.

वापरायचंच असेल तर १६५ वर वापरू नकोस, १२० वर आण. दोन फ्रेमच्या मध्ये पिक्सेलांना स्थिरावायला जास्त वेळ मिळतो, त्यामुळे दुहेरी सावली कमी येते. तुझ्या व्हीएवर मात्र मला फार आशा नाही. सुस्त पिक्सेल दिवा पेटेपर्यंत पोचत नाहीत आणि मागची फ्रेम पुढच्यात डोकावते. एकदा लावून बघ, पटलं नाही तर सोडून दे. स्पर्धेत खेळणाऱ्या ज्या मुलांकडे वेगवान टीएन किंवा चांगलं आयपीएस पॅनेल आहे आणि फ्रेम कायम वर आहेत, त्यांनाच मी हे आवर्जून लावायला सांगतो.

लॅपटॉपवाल्यांची गोष्ट निराळी. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि कित्येक कंपन्यांचं सॉफ्टवेअर त्याच क्षणी पडदा ६० वर आणतं, ग्राफिक्स कार्डही फ्रेम आवळतं. लाईट आल्यावर ते परत १४४ वर जाईलच असं नाही. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको, म्हणून ॲडव्हान्स्ड डिस्प्लेचं पान अधूनमधून बघत जा. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनी फोनचा रिफ्रेश रेट ९० किंवा १२० वर ठेवायचा, बॅटरी सेव्हर बंद, आणि ग्राफिक्स "स्मूद" वर, तेव्हाच वरचे फ्रेम रेट उघडतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत फोन तापला की तो स्वतःच फ्रेम कमी करतो, तिथं सेटिंग हतबल आहे. टीव्हीवर पीएस ५ लावणाऱ्यांनी आधी गेम मोड चालू करावा. सोनीचं मोशनफ्लो, एलजीचं ट्रूमोशन, सॅमसंगचं ऑटो मोशन प्लस मधल्या फ्रेम स्वतः रचतात; क्रिकेटला गुळगुळीत दिसतं, खेळताना मात्र बटण दाबल्यावर माणूस उशिरा हलतो.

राहिला २४० चा प्रश्न. व्हीए देऊन दुसरा व्हीए २४० चा घेतलास तर वाढलेले हर्ट्झ त्या काळ्या शेपटीतच विरतील. दुकानदार अजून बदलून देत असेल तर चांगलं आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्झचं घे, आणि पैसे देण्याआधी त्याच्या काउंटरवर टेस्टयूएफओ उघडून ओव्हरड्राइव्हच्या सगळ्या पायऱ्या स्वतः फिरवून बघ. सांगली असो की कोल्हापूर, जो दुकानदार एवढं करू देत नाही त्याच्याकडून मॉनिटर घेऊ नये. ओएलईडीचे पिक्सेल जवळपास तत्काळ बदलतात, शेपटी आणि कड दोन्ही जातात, पण फ्रेम उभी राहण्याचा पुसटपणा तिथंही हर्ट्झप्रमाणे उरतोच, आणि ३०५० सोबत तो खर्च उलटा आहे. बदलून मिळत नसेल तर हाच ठेव. ओव्हरड्राइव्ह मध्यावर, ब्लॅक इक्वलायझर दोन पायऱ्या वर, डिस्प्लेपोर्टवर १६५, आणि मॉनिटरसाठी साठवलेल्या पैशांतून आधी रॅमची दुसरी ८ जीबी स्टिक घे, पहिलीच्याच वेगाची.